सुगीच्या सणाची मरळ

सुगीच्या सणाला आमच्या चर्चमध्ये लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढे ठेवतात. धानाच्या लोंब्या, भोपळे, वालाच्या शेंगा, एखादी पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. या सगळ्यात दरवर्षी एक घमेलं असायचं, वर जाळ्याचा तुकडा बांधलेलं, आणि आत पाण्यात एक जिवंत मरळ. पाळकबुवा डोळे मिटून लांबलचक प्रार्थनेत शिरले की नेमकी तेव्हाच ती शेपटी आपटायची. पुढच्या रांगेतल्या बायकांच्या साड्यांवर पाणी उडायचं आणि मला हसू आवरायचं नाही.

ती मरळ पाठवणारी बाई ख्रिस्ती नव्हती. ढिवर समाजातली, तलावाच्या मासोळीवर घर चालवणारी. मी मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. तिची मुलगी पायाळू, माझ्याच हातावर जन्मली. त्या वर्षापासून मरळ सुरू झाली. मी तिला म्हणायचे, अगं, आमच्यात देवाला मासे वाहत नाहीत. ती म्हणायची, "तुया देवाले सांग, तलावाची पयली मासोळी हाय. त्यानं नाई खाल्ली त तू खाय, शिस्टर." माझा तापट स्वभाव सगळ्या दवाखान्याला ठाऊक होता. मला अरे ला का रे करणारी ही एकटीच.

मग तलावाच्या वरच्या अंगाला लोखंडाचा दगड धुण्याचा कारखाना आला. नाल्यातून लाल गाळ उतरला आणि तलाव कात घोळल्यासारखा झाला. रोहू गेले, झिंगे गेले. मरळ नुसत्या चिखलातही तग धरते, पण तीही पांढरं पोट वर करून काठाला लागली. त्या वर्षी सुगीच्या सणाला घमेलं आलं नाही.

मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते. जमीन-पाणी देवाचं, आपण राखणदार, असं रविवारी म्हणायचं आणि सोमवारी गप्प बसायचं, हे मला जमेना. चर्चमधल्या चार बायका गोळा केल्या. लाल पाण्याच्या बाटल्या पिशवीत घालून आम्ही चामोर्शीच्या कचेरीत गेलो, गडचिरोलीला गेलो. साहेब जेवायला गेलेले असायचे. पाळकबुवा म्हणाले, "बाई, आपण मूठभर माणसं, नसतं लचांड कशाला?" मी म्हटलं, "मीठ मूठभरच लागतं, पाळकबुवा." तेव्हा माझ्या तोंडात अशी उत्तरं असायची.

कारखाना आणखी वाढवायचं ठरलं आणि जनसुनावणी लागली. तिथे कोणीही उठून बोलू शकतं, आणि बोललेलं सरकारला लिहून घ्यावंच लागतं. मी आठवडाभर भाषण घोकत होते. सुनावणीच्या आदल्या दिवशी ती मरळवाली माझ्या ओसरीवर येऊन बसली. चहा घेतला नाही.

"शिस्टर, उद्या तू बोलू नको. मायाजवळ बसू बी नको."

"काऊन?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"गावात बोलून राह्यले, मिशनवाले लोकाईले भडकवून राह्यले, उद्या धरम बदलवतीन. तू तोंड उघडलं का पान्याची गोष्ट गेली, तुयाच देवाची गोष्ट चालू होते." मग खाली बघत म्हणाली, "कोनी इचारलं त मी सांगन, या बाईले मी ओळखत नाई. तू राग नको धरजो."

मला राग आला. तिचा नाही, पण आला. गुड फ्रायडेला दरवर्षी मी त्या शिष्यावर बोलायचे, ज्याने कोंबडा आरवायच्या आत आपल्या प्रभूची ओळख नाकारली. फार कडक बोलायचे मी त्याच्यावर. आता बघितलं तर हिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. माझं भाषण मी चुलीत घातलं.

सुनावणीच्या मांडवात मी मागच्या खांबाशी बसले. ती माइकपुढे उभी राहिली आणि काय बोलली! "साहेब, जाळं धुवाले पानी पायजे, अन् आमच्या पान्यानं जाळंच लाल होऊन राह्यलं. हात खाजवते, मासोळी नाई, लेकीले सोयरीक येत नाई. सोयरे म्हनते, अशा गावची पोरगी कोन करन?" तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "हिले त्या मिशनवालीनं शिकवून धाडलं!" त्याचं बोट माझ्याकडे होतं. सगळ्या माना वळल्या. दोन-चार मोबाइल वर झाले.

साहेबांनी विचारलं, "यांना ओळखता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाई साहेब. मी या बाईले ओळखत नाई."

इतकं सरळ बोलली की माझाही क्षणभर विश्वास बसला.

परवानगी मिळायची ती मिळालीच. तिचं बोलणं कुठे लिहिलं गेलं ते देव जाणे, आणि देवाला मी हल्ली विचारत नाही. तलाव तर गेलाच. पण त्या मोबाइलमधलं तिचं "ओळखत नाई" घरोघर फिरलं, आणि एकदा चारचौघांत बोललेलं रोज खरं करत राहणं तिच्या नशिबी आलं. माझ्या ओसरीवर कोणी तिला पाहिलं असतं तर गावाने तिला खोटारडी ठरवलं असतं, पुढे कशीबशी जमलेली मुलीची सोयरीक मोडली असती. मीही तिकडे गेले नाही. मुलीचं लग्न झालं. जिला मी पायांकडून जगात आणलं, तिच्या लग्नाचा बँड मी माझ्या घरात बसून ऐकला.

ती आता चामोर्शीच्या बाजारात बसते, बाहेरून बर्फात आलेली मासोळी विकते. सुरुवातीला मी गेले की "कोनती देऊ, बाई?" असं परक्यासारखं विचारायची, पण डोळे हसायचे. त्या हसण्यासाठी मी नको असतानाही मासे घ्यायचे. मग ते हसणं कमी होत गेलं. मला वाटायचं, गर्दी आहे, कोणी बघत असेल, जपून वागते.

गेल्या बाजाराला मी उशिरा गेले. बाजाराची पालं उतरत होती, शेजारचं दुकान रिकामं, गावाकडच्या गाड्या केव्हाच निघून गेलेल्या. टोपलीशी आम्ही दोघीच. मी वाकून हळूच विचारलं, "कशी आहेस गं? पोरगी बरी हाय ना?"

तिने मान वर केली. डोळ्यांत ओळख नव्हती, भीतीही नव्हती, नुसता दिवसभराचा थकवा होता.

"उरली तेवढीच हाय, बाई. घेता का?"

मी आजूबाजूला पाहिलं. आमच्याकडे बघणारं तिथे कोणीच नव्हतं.