कात्रीबाईची कंबर आणि फोनमधली बाई

तिला सगळे कात्रीबाई म्हणत. पडदे शिवते म्हणून, असं तिचा नवरा सांगायचा. बिचारा भला माणूस. खरं कारण तिची जीभ. तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईकच उसवून परत जायचं.

अशा बाईची कंबर वर्षानुवर्षं ठणकत होती, पण त्याबद्दल अवाक्षर नाही. कारण घरात ठाण मांडून बसलेली धाकटी नणंद. पुढच्या खोलीत कात्रीबाईचं शिलाई मशीन, आणि नणंदेचा डोळा त्याच खोलीवर. कात्रीबाईने नुसतं ‘आई गं’ म्हटलं की ही मधाळ आवाजात सुरू व्हायची, "वहिनी, झेपत नसेल तर बंद करा ना शिवण. माझं पार्लर छान बसेल तिथे."

नवऱ्याने कंबरेसाठी इस्पितळात नाव नोंदवलेलं, तिथून रोज संध्याकाळी आपोआप फोन यायचा. आतली गोड बाई विचारायची, आज दुखणं किती? अजिबात नसेल तर शून्य दाबा, सहन होत नसेल तर नऊ. मोठ्या डॉक्टरांची भेट याच आकड्यांवर ठरायची. मशीनच्या घरघरीने कात्रीबाईचे कान गेलेले, म्हणून फोन स्पीकरवर. शेजारी भाजी निवडत नणंद. कंबरेत सुया टोचत असल्या तरी ही बया ताठ बसून दाबायची दोन!

एका संध्याकाळी गोड बाई म्हणाली, "अभिनंदन! आपलं दुखणं आटोक्यात आहे. डॉक्टरांची भेट रद्द करत आहोत. उत्तर बदलायचं असल्यास पुन्हा आकडा दाबा."

कात्रीबाईचा भडकाच उडाला. "आटोक्यात? अगं सटवे, ये इथे, उचल हे पडद्यांचे गठ्ठे! महिनोन्महिने त्या भेटीच्या आशेवर बसलेय मी!"

"आपलं उत्तर समजलं नाही."

"समजेल कसं? कंबर आहे का तुला?"

नणंद खुदकन हसली. "यंत्राशी काय भांडताय, वहिनी? दोन तर तुम्हीच दाबलंत."

झालं. कात्री वळली.

"हो, दाबलं! तुझ्या तोंडाला कुलूप म्हणून दाबलं! माझी कंबर मोडतेय आणि तू खोलीत आरसे कुठे लावायचे ते बघतेस? घे, ऐक!" तिने नऊवर असा अंगठा रोवला की दारातला नवरा दचकला. "नऊ! आणि खोली मिळायची नाही!"

"उत्तर बदललं आहे. भेट कायम आहे."

"उपकार झाले!" कात्रीबाई फोनवर खेकसली. मग कंबरेवर हात ठेवून, नणंदेच्या डोळ्यांत डोळे घालून, गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी कण्हली.