गळीत समारोपाचा फोटो

कारखान्याच्या जुन्या फोटोंची पेटी उघडली, की महिपतीआबांना बोलवावंच लागे. आबांनी टाइम ऑफिसात तीस वर्षं हजेरी घेतलेली. एकूणएक तोंड त्यांना पाठ. स्मरणिकेचं काम अंगावर पडलेला दिग्विजय एकेक फोटो पुढं करायचा आणि आबा रंगात यायचे.

“आधी खुर्च्या बघ, माणसं नंतर. मधल्या खुर्चीपासनं कोण किती लांब, त्यावर त्याची किंमत. ह्यो चीफ केमिस्ट औंदा टोकाला बसलाय, म्हंजी साखरेचा उतारा घसरला आसनार. आन् दात काढून हसतंय कोण? ज्याची बदली झालीय त्योच!”

दिग्विजय पोट धरून हसायचा. मग सत्त्याण्णव सालच्या गळीत समारोपाचा फोटो निघाला. हंगाम संपल्यावरचं ते जेवण. दुसऱ्या रांगेत आबा स्वतः, नव्या सफारीत, छाती काढून. त्यांच्या डाव्या हाताला एक माणूस मावेल एवढी जागा मोकळी.

“आबा, हितं कोण न्हाय का?”

“न्हाय कोण,” आबा म्हणाले आणि त्यांनी फोटो पालथा ठेवला.

ती जागा जोतीरामची. जोतीराम म्हणजे दिग्विजयचा आजोबा, वरकुटे गावचा, आबांचा लहानपणापासूनचा दोस्त. पण कारखान्यात हंगामी. समारोपाला कायम कामगारांनी बसायचं, हंगामींनी वाढायचं, अशी तिथली रीत, फोटोही कायमवाल्यांचाच. बुंदीची बादली खाली ठेवून जोतीराम हौसेनं शेजारी येऊन उभा राहिला, तेव्हा आबाच म्हणाले, “जोत्या, हो बाजूला. सायेब बघत्यात.” साहेबांनी बघितलंही नव्हतं. जोतीराम हसला आणि बादली उचलून गेला. त्याच पावसाळ्यात तो काविळीनं वारला. आबांना ते आपले शब्द आजवर पचलेले नाहीत.

चार दिवसांनी दिग्विजय आजीला, छबूबाईला, घेऊन आला. त्याचं लग्न ठरलं होतं. नवी नातसून यायच्या आत भिंतीवर आपल्या नवऱ्याचा फोटो लावायचा, हा छबूबाईचा हट्ट. आणि घरात तर एकही फोटो नव्हता. नखाएवढं तोंड मिळालं तरी मोठं करून देतो, असं बारामतीचा स्टुडिओवाला म्हणाला होता.

“भावजी, तेवढा समारोपाचा फोटू काढा,” ती म्हणाली. “त्येंनी मला सांगितलं हुतं. म्हैपतीनं हाताला धरून शेजारी उभं केलं म्हणलं. लई खूश हुतं त्या दिशी. तुमचं उपकार न्हाय फिटायचं.”

छबूबाईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या रांगेतलं कुठलंही सावळं तोंड दाखवलं असतं, तरी तिनं जन्मभर त्याला हार घातला असता. आबांचं बोट तिकडं वळलंही. मग त्यांना स्वतःचीच किळस आली.

“वैनी, जोत्या ह्यात न्हाय. मीच त्याला बाजूला काढला, हंगामी म्हणून. त्यो तुमाला खोटं बोलला, माझी लाज राखाय.”

छबूबाई रडली नाही. तिनं फोटोवर तळवा ठेवला.

“मग त्या दिशी त्येंनी जेवन तरी केलं का वो?” तिनं विचारलं.

वाढणारे सगळ्यात शेवटी जेवत. आबा आठवू लागले. सफारीचं कापड आठवलं, कोण कुठल्या खुर्चीत होतं तेही आठवलं. जोतीराम जेवला की नाही, हे त्यांनी बघितलंच नव्हतं.