धुराच्या लेखातून खोडलेल्या दोन ओळी

तलावाकाठी बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे इंजिनकाका म्हणत. तोंडाने फटकळ, पण हाताला गुण होता. दर शनिवारी वर्तमानपत्रात त्यांचा लेख यायचा. होडी कलंडली तर पोहत सुटायचं की होडीलाच धरून राहायचं, बंदूक पुसायला घेण्याआधी आत काडतूस नाही ना हे दोनदा कसं बघायचं, असलं काहीबाही. लोक कात्रणं जपून ठेवत. बायको म्हणायची, "जगाला शहाणपण शिकवा. घरातला नळ सहा महिने गळतोय."

एका थंडीत त्यांनी घरच्या घरी मांसाला धूर कसा द्यायचा ते लिहिलं. मिठात किती तास मुरवायचं, लाकूड कोणतं घ्यायचं, पिंपात निखारे किती खाली ठेवायचे. लेख लांबला. संपादकाने थोडा कमी करायला सांगितला. त्यांचा पहिला तुकडा बुटाच्या तळव्यासारखा झाला होता आणि कुत्र्यानेही त्याला तोंड लावलं नाही, हा किस्सा काकांनी ठेवला. खोडल्या त्या दोन ओळी: 'हे काम उघड्यावरच करा. बंद जागेत कोळसे धुमसले तर माणसाला कळतही नाही आणि जीव जातो.' एवढं तर कोणालाही ठाऊक असतं, असं त्यांना वाटलं.

अकरा दिवसांनी एका बस ड्रायव्हरने ते कात्रण पुढ्यात ठेवून पिंप पेटवलं. बाहेर बोचरा वारा होता, म्हणून गॅरेजचं दार लावून घेतलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसला. दुपारी बायको जेवायला बोलवायला गेली, तेव्हा त्याची हनुवटी छातीवर टेकलेली होती. तिला वाटलं, डोळा लागला.

संपादकाचा फोन आला. "काका, तुमच्यावर काही येत नाही. दार त्याने लावलं."

"ओळी मी खोडल्या," काका म्हणाले.

चौथ्या दिवशी ते ड्रायव्हरच्या घरी गेले. बाईंनी स्वयंपाकघरात बसायला खुर्ची दिली. काकांनी खिशातून लेखाचा हाताने लिहिलेला कागद काढून ओट्यावर ठेवला. खोडलेलं स्पष्ट वाचता येत होतं.

बाईंनी ते दोनदा वाचलं. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो, ताई."

"मग ही कुत्र्याची गोष्ट का नाही खोडली?"

"ती मला आवडली होती."

मग त्या म्हणाल्या, "त्यांनाही आवडली. मला हाक मारून वाचून दाखवली. पोट धरून हसले." कागदाची घडी घालून त्यांनी ती मुठीत ठेवली. "हा इथेच राहू दे. आता तुम्ही जा."

पुढच्या शनिवारी त्या दोन ओळी छापून आल्या. त्या कोणी गाळल्या आणि कशासाठी, तेही काकांनी स्वतःच्या नावानिशी लिहिलं. काहींनी दुकानात येऊन शिव्या घातल्या, काहींनी पाठीवर हात ठेवला. दोन्ही त्यांनी मुकाट्याने सोसलं. त्यानंतर त्यांनी लिहिलं नाही. इंजिनं मात्र दुरुस्त करत राहिले. आता कोणी साधं काही विचारलं तरी धोके सांगत सुटायचे, ऐकणारा कंटाळून निघून जाईपर्यंत.

वर्षभराने भाजी घेताना बाई अचानक समोर आल्या. काकांना हात जोडावेत की वाट सोडावी, काही सुचेना. बाईंनी तोंड फिरवलं नाही, की ओळखही दाखवली नाही. जड पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे निघून गेल्या.