फाटकाबाहेरचा आवाज

चूक माझी होती. दोष मात्र मी मैदानातल्या धूम्रपानबंदीला देत राहिलो. आज मी फाटकाशी पोचलो, तेव्हा कबड्डीच्या मैदानाबाहेर एक माणूस सिगारेट ओढत उभा होता. आत आरडाओरडा झाला, तसा तो टाचा उंचावून भिंतीपलीकडे पाहू लागला.

“कोण बाद झालं हो?” त्यानं मला विचारलं.

भिंतीबाहेर नुसता आवाज येतो. तो आनंदाचा की दुखापतीचा, ते कळत नाही. पूर्वी एकदा असाच मी बाहेर होतो, तेव्हा माझ्या लेकीनं एका चढाईत तिघींना बाद केलं आणि तिचा गुडघा गेला. ती पुन्हा खेळली नाही.

“बाबा, पाहिली ना माझी चढाई?” दवाखान्यात तिनं विचारलं होतं.

“पाहिली की!”

आज घरी येऊन तिला सांगितलं, “नव्हती पाहिली गं. सिगारेट ओढायला बाहेर गेलो होतो. मला माफ कर.”