तांदळाच्या डब्यातले आवाज

आमच्या घरात सात वर्षं तांदळाच्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता. नणंद राहायला आली आणि म्हणाली, "वहिनी, तांदूळ मी काढते," तरी मीच तरातरा उठायचे. तिने सगळ्या नात्यात सांगितलं, वहिनी दाणान् दाणा मोजते. आता तिला काय सांगणार, की बाई गं, डब्याच्या तळाशी पिशवीत गुंडाळून तुझ्या भावाचा गुन्हा ठेवलाय?

आमचे हे सरकारी ध्वनिसंग्रहात टेपा सांभाळायला होते. कागदावर पद लांबलचक, पण ऑफिसात सगळे 'टेपवाले'च म्हणायचे. बत्तीस वर्षं एक खोली. लोखंडी कपाटं, खिडकीला जाड पडदा, आणि सहाशे चाळीस टेपा, मोठ्या चाकांवर गुंडाळलेल्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणीतरी गावोगाव हिंडून विहिरी खणणारे, सुईणी, नावाडी अशा माणसांना बोलतं केलं होतं. कुठल्या दगडाखाली पाणी लागतं, आडवं आलेलं मूल कसं फिरवायचं, नदी कुठे दगा देते. ह्यांना त्यातला माणूस न् माणूस पाठ. माझा वाढदिवस मात्र दरवर्षी विसरायचे.

त्यांची एक खोड होती. मशीन लावलं की आधी आपण बोलायचं. "टेप क्रमांक अमुक. आज तारीख अमुक. लावणारा अमुक." त्याशिवाय पुढचं बटण दाबायचं नाही. भाचीचं बोबडं बोलणं मोबाइलवर घ्यायला बसले, तेव्हा आधी तारीख सांगितली, वार सांगितला, स्वतःचं नाव सांगितलं. तोवर भाची झोपली.

मग टेपा मरायला लागल्या. पट्टीवरचा लेप चिकट होतो आणि सुटून येतो, आवाजासकट. ह्यांनी प्रती काढायची परवानगी मागितली. अकरा अर्ज केले, अकरा वेळा एकच उत्तर आलं. ज्यांचा आवाज आहे त्यांची, ते नसतील तर त्यांच्या सगळ्या वारसांची लेखी संमती आणा. माणसं कधीच गेलेली, वारस कुठे पांगले कुणाला ठाऊक. मालक सापडेना आणि टेप थांबेना. साहेब तसे वाईट नव्हते. म्हणायचे, "टेपवाले, कायदा बदलणार आहे, जरा दम धरा." अहो साहेब, टेपेला कुठला दम?

एका शनिवारी हे जेवणाच्या पिशवीतून दोन टेपा घरी घेऊन आले. माझं डोकंच फिरलं.

"निवृत्तीला सात वर्षं राहिलीत आणि आता चोऱ्या सुरू केल्यात?"

"नेलेलं परत दिलं नाही तर चोरी. मी सोमवारी परत नेणार आहे."

तेव्हापासून आमचे रविवार संपले. टेबलावर भंगारातून उचललेलं जुनं मशीन, शेजारी कॉम्प्युटर. मिक्सर लावायचा नाही, भांडं आपटायचं नाही. ज्या डिस्कवर प्रती जायच्या ती मी तांदळात पुरायचे, ओल लागू नये म्हणून. दाराची बेल वाजली की मी आधी डब्याचं झाकण घट्ट करायचे. मीटर बघायला आलेल्या माणसाला मी एकदा विचारलं, "कुणी पाठवलं तुम्हाला?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, इथे चोर वेगळाच आणि चांदणं माझ्या मनात.

दरवर्षी एक म्हातारी दोन बस बदलून ऑफिसात यायची. नावाड्याची मुलगी. चारशे बारा नंबरच्या टेपेवर तिच्या बापाचा आवाज होता. ती नऊ वर्षांची असताना तो बुडून गेला, फोटोही मागे नाही. "पाच मिनिटं ऐकव ना रे भाऊ," एवढंच मागायची. नियम होता, सगळ्या वारसांचं ना हरकत पत्र. सहा भावंडं. पाच सह्या ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायची. सहावा भाऊ तीस वर्षांपूर्वी घरातून निघून गेलेला. मेलाय म्हणून दाखला नाही, आणि जिवंत आहे म्हणून सही नाही. ती येऊन गेली की त्या दिवशी हे धड जेवायचे नाहीत.

एकदा मीच म्हटलं, "बोलवा तिला घरी आणि ऐकवा."

"आणि ती आनंदाने चार जणांना सांगेल. कोण नाही सांगणार?"

मलाही भीती वाटत होतीच.

ह्यांच्या निवृत्तीला चार महिने उरले आणि कायदा बदलला. ह्यांनी पेपरातली बातमी मला दोनदा वाचून दाखवली. आता संग्रहाला स्वतःच प्रती काढता येणार होत्या. शोधूनही मालक सापडला नाही तर अडायचं नाही, टेप सगळ्यांना खुली. ज्यांचा आवाज आहे आणि पत्ता ठाऊक आहे, त्यांना मात्र विचारायचं. पहिला अर्ज अर्थातच नावाड्याच्या मुलीचा. ह्यांनी चारशे बारा लावली. दोन फेरे झाले, किंचाळल्यासारखा आवाज आला आणि तपकिरी लेप मशीनला चिकटून बसला. तपासलं तर निम्म्याहून जास्त टेपांचं तेच. बैल गेला आणि झोपा केला.

साहेबांनी विचारलं, "कुठे एखादी प्रत असेल का हो?"

हे घरी आले ते तडक स्वयंपाकघरात, डब्यासमोर स्टूल घेऊन बसले. कायद्यात स्पष्ट होतं, आजपासून पुढच्या प्रती चालतील. आधीच्या विनापरवाना प्रती हा गुन्हा होता आणि गुन्हाच राहणार होता. आणि प्रत्येक प्रतीच्या सुरुवातीला ह्यांनी स्वतःच्या तोंडाने तारीख सांगून ठेवलेली, नावासकट.

"कापा ती दहा सेकंदं," मी म्हटलं. "परवाची तारीख बोला. टेप बंद पडण्याआधी शेवटची एकदा वाजली म्हणा. कोण बघतंय?"

"आधी ऐक तरी."

त्यांनी चारशे बाराची प्रत लावली. "टेप क्रमांक चारशे बारा," ह्यांचा आवाज, पाच वर्षांपूर्वीची तारीख, नाव. आणि मागून मी, चांगली ठणठणीत. "अहो, दूध उतू जातंय, बघा जरा!" मला हसू आलं, आणि मग रागच आला.

"तारीखच खोटी केली," हे म्हणाले, "तर पुढचा नावाडी खरा कशावरून? उद्या कुणीही म्हणेल, ह्यानेच कुणाला तरी बसवून बोलवलं."

"हात दाखवून अवलक्षण आहे हे. तुमच्या खरेपणावर म्हातारपणी आपण खायचं काय?"

मी रडले. सकाळी त्यांनी तांदूळ पेपरवर ओतले, डिस्क फडक्याने पुसली आणि ऑफिसात घेऊन गेले.

चौकशी बसली. निवृत्ती चौकशीतच झाली. ना निरोप, ना पेन्शन. निकाल लागेपर्यंत सगळं रोखलेलं. ह्यांच्या प्रती मात्र संग्रहाने आपल्या यादीत चढवल्या, 'एकमेव उपलब्ध प्रत' म्हणून. पोस्टमन दिसला की मी दारातच उभी राहायचे.

एक दिवस लिफाफा आला, पण माझ्या नावाने. 'सदर ध्वनिमुद्रणांत आपला आवाज आढळून आला आहे. ती जनतेस ऐकण्यास खुली करण्यास आपली हरकत आहे / नाही. लागू नसेल ते खोडावे.' खाली दोनशे अठरा टेपांची यादी. दोनशे अठरा वेळा मी दूध, बेल, नळ काय काय ओरडले होते. आवाज माझा, पत्ता ठाऊक, म्हणजे मला विचारणं भाग. ह्यांना गुन्हेगार ठरवणारं ऑफिस माझ्या सहीपाशी अडलं होतं.

नणंद म्हणाली, "वहिनी, मुळीच सही करू नकोस. आधी चौकशी बंद करा म्हणावं."

मला ते शंभर टक्के पटलं. फॉर्म मी तांदळाच्या डब्याखाली सरकवला. आठ दिवस ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. पाणी प्यायला आले की डब्याकडे बघायचे आणि पेला विसळून जायचे. त्यांचं ते न विचारणं मला बोलण्यापेक्षा जास्त टोचत होतं.

नवव्या दिवशी बेल वाजली. दारात नावाड्याची मुलगी, ऑफिसातून पत्ता काढून आलेली. हातात तीच पिशवी. खुर्चीवर टेकली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"भाऊ, भावाच्या सहीचं आता अडत नाही म्हणतात. पण दुसऱ्याच कुणा बाईची राहिलीय. ती देत नाही. कोण आहे रे ती? मला पत्ता दे, मी पाया पडते तिच्या. ह्या वर्षी डोळे गेले, पुढच्या वर्षी कान राहतील का माहीत नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. जमिनीकडे बघत बसले. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी आत गेले, डबा सरकवला. 'आहे' खोडलं, सही केली आणि बाहेर येऊन फॉर्म तिच्या हातात ठेवला.

"ही घ्या त्या बाईची सही. पाया नका पडू. दूध उतू जात होतं, तेवढंच ओरडले होते मी."

ती कागद डोळ्यांजवळ नेऊन चाचपत राहिली. तिला कळायला वेळ लागला. हे कागदाकडे वाकून बघत हळूच म्हणाले, "तारीख राहिली."

मी फॉर्म परत घेतला आणि आजची तारीख घातली. चौकशी अजून चालू आहे.