बोंडअळीचा नकाशा

सुलतानपूरच्या बसस्टँडमागे गुलाम रसूल यांचं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान आहे. खरीप भरात आला की दुकानापुढे पंपांची रांग लागते, आणि वॉशर बदलून होईपर्यंत माणसं बाकावर बसून पिकापाण्याचं बोलत राहतात. कुठल्या शिवारात मावा पडला, कुठे पाऊस चुकला, सगळं त्या बाकावर कळतं. मदिहा ही गुलाम रसूल यांची थोरली मुलगी. ती त्याच बाकावर गृहपाठ करत मोठी झाली. पुढे औरंगाबादला संगणकाची पदवी घेऊन पुण्याला एका कंपनीत लागली. मालाच्या गाड्यांना रस्ता दाखवणारे नकाशे ही कंपनी बनवायची. ऑफिसात एकदा तिच्या तोंडून ‘मला’ऐवजी गावाकडचं ‘मले’ निघून गेलं तेव्हा शेजारच्या टेबलावर हशा पिकला. तिला राग आला, पण ‘मले’ काही सुटलं नाही.

२०१७ च्या दिवाळीनंतर मावसबहिणीच्या लग्नाला ती घरी आली. त्या दिवसांत दुकानात कोणी पंप आणत नव्हतं. लोक बोंडं घेऊन येत होते. वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत सरकी खाणारी गुलाबी अळी. बीटी बियाण्याला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर इतकी वर्षं कापूस पेरला गेला होता. तो भरवसाच आतून पोखरला गेला होता.

शेजारच्या सोजराबाई आल्या. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच वावर सांभाळत होत्या. त्यांनी ओंजळभर फुटकी बोंडं बाकावर ओतली.

“पोरी, नाल्यापलीकडच्या गावाले दसऱ्याच्या आधीच दिसली होती म्हणे हे अळी. आपल्याले कोणं सांगतलं? कोणीच नाई. सांगतलं असतं तं बोंडं फोडून पाह्यले असते ना मी!”

पुण्याला परतल्यावरही मदिहाच्या डोक्यातून हे वाक्य जाईना. चादरींनी भरलेल्या एका गाडीला कुठल्या गल्लीतून न्यायचं हे कंपनीचा नकाशा दर मिनिटाला सांगत होता, आणि एका गावात लागलेली कीड शेजारच्या गावाला महिनाभर कळत नव्हती. होळीनंतर तिने पूर्णवेळ नोकरी सोडली, घरून करता येईल तेवढं काम ठेवलं आणि सुलतानपूरला आली.

“एवढं शिकून आता अळ्या शोधणार?” अब्बांनी विचारलं.

“अळ्या लोकच शोधतील, अब्बा. मला फक्त त्या कुठे आहेत ते नकाशावर दाखवायचं आहे.”

गुलाम रसूल यांनी हातातली पंपाची नळी साफ करून खाली ठेवली. मग म्हणाले, “एक हंगाम. मग पुन्हा बोलू.”

कोणालाही वापरता येईल आणि कोणालाही भर घालता येईल, असा जगाचा एक मोफत नकाशा इंटरनेटवर होता. मदिहाने त्यात आपला भाग काढून पाहिला तर एक मोठा रस्ता, एक नदी आणि चुकीच्या स्पेलिंगची काही गावं. बाकी पांढरं. मग अब्बांची जुनी स्कूटर घेऊन ती निघाली. उन्हाळाभर पाणंदी, नाले, विहिरी, म्हसोबाचे ओटे, दर्ग्यांची वाट असं सगळं ती त्यात भरत गेली. बांधावर थांबून विचारायची, “ह्या शिवाराले काय म्हणता?” लोक आधी संशयाने बघायचे. ‘रस्त्यात जमीन चालली काय?’ असंही एकाने विचारलं. समजावून समजावून तिचा घसा बसला, पण पेरणीपर्यंत नकाशावर शिवारं नावानिशी दिसायला लागली.

मग तिने या नकाशावर चालणारं इंटरनेटचं एक पान तयार केलं. मोबाइलवर उघडायचं, अळी दिसली की नोंद करायची, आणि ती नोंद सगळ्यांना दिसणार. पहिली चाचणी सोजराबाईंवर केली. पानाने आधी ईमेल मागितला, मग पासवर्ड, मग गट नंबर. सोजराबाईंनी फोन परत तिच्या हातात दिला.

“हे तं तलाठ्यापेक्षाही जास्त इचारून राह्यलं, बाई.”

दोघीही हसल्या. मदिहाने सगळं मोडून पुन्हा बांधलं. ईमेल गेला, पासवर्ड गेला. गट नंबराच्या जागी शिवाराचं नाव आलं, आणि वाचता न येणाऱ्यासाठी चित्रं: अळी आत शिरल्याने न उमलता गुलाबाच्या कळीसारखं चिकटलेलं फूल (म्हणजे डोमकळी), भोक पडलेलं बोंड, वासाने पतंग ओढणाऱ्या कामगंध सापळ्यात अडकलेला पतंग. दिसेल त्या चित्रावर बोट ठेवायचं, की त्या ठिकाणी लाल ठिपका. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला गुलाम रसूल स्वतःच ते दाखवू लागले. पंप दुरुस्त होईपर्यंत माणूस नकाशा शिकून जायचा.

ऑगस्टमध्ये ठिपके पडू लागले. मदिहा खूश होती. आणि मग सप्टेंबरात धामणवाडीच्या हिंमतरावांचा फोन आला. ते त्या गावचे सरपंच.

“तू कोण गं आमच्या गावाची बदनामी करणारी?”

त्यांचं ओरडणं थांबल्यावर तिला कळलं ते असं. गावोगाव फिरून कापूस घेणारा गुलाबराव नावाचा व्यापारी धामणवाडीच्या पारावर बसून मोबाइल दाखवत होता. नकाशावर धामणवाडी लालभडक. “तुमचा सगळा माल किडका, कवडी निघणार,” असं म्हणत तो वेचणीच्या आधीच भाव पाडत होता. पण गावात तर अळी फारशी नव्हतीच.

“बंद कर ते,” अब्बा म्हणाले. “लोकांच्या पोटावर येतंय, बेटा.”

मदिहाने बंद केलं नाही. ती ठिपके बघत बसली. सगळे ठिपके वावरांत नव्हतेच, ते धामणवाडीच्या फाट्यावर ढिगाने पडले होते. त्यात सोजराबाईंचीही नोंद होती. ती तशीच त्यांच्याकडे गेली.

“मौसी, तुमचं वावर तर इकडे. धामणवाडीत ठिपका कसा?”

“मी फाट्यावर एस्टीची वाट पाहत होती. बसल्या बसल्या तठीच बोट ठेवलं.”

मदिहाने कपाळावर हात मारला. नोंद करताना फोन जिथे असेल ती जागाच तिचं पान वावर समजत होतं. त्या फाट्यावर चार गावांचे लोक एसटीसाठी थांबतात. चार गावांची अळी तिने एका गावाच्या माथी मारली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धामणवाडीला गेली. अब्बा दुकान बंद करून सोबत आले. पारावर गाव जमलं होतं. मदिहाने बसायच्या आधीच सांगितलं, “चूक माझी आहे. तुमच्या गावात एवढी अळी नाही.” आणि फाट्याची गोष्ट समजावली.

“मंग पुसून टाक आमच्या गावाचं नाव,” हिंमतराव म्हणाले. “आम्हाले नको तुहा नकाशा.”

“चुकीचे ठिपके पुसते. नाव पुसणार नाही, काका.”

पारावर गलका झाला. अब्बांनी तिच्याकडे पाहिलं. ती थांबली नाही.

“गुलाबराव सगळी गावं फिरतात. कुठे अळी आहे, कुठे नाही, हे त्यांना नकाशाशिवायही कळतं. माहीत नसतं ते तुम्हाला. नकाशा काढला तर ही बातमी फक्त त्यांच्याजवळ राहील. खरा नकाशा तुमच्या हातात राहू द्या. आज चला माझ्यासोबत, तुम्हीच बोंडं फोडा. जे दिसेल ते लावू. स्वच्छ वावर दिसलं तर तेही लावू, हिरवं.”

 मग एक म्हातारी उठली, “चाला, पाहू तं खरं,” म्हणाली, आणि तिच्यामागे गाव निघालं. दुपारपर्यंत ते कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीतून फिरत होते. बहुतेक वावरं स्वच्छ निघाली. डोमकळ्या निघाल्या त्या हिंमतरावांच्याच वावरात. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांनी एक कळी उकलली, आतली बारीक अळी तळहातावर घेतली आणि हात मदिहापुढे धरला.

“लाव,” ते म्हणाले. “खरं हाये तं लाव. लवकर दिसली हे बरंच झालं.”

त्या आठवड्यात मदिहाने पान पुन्हा बदललं. आता फोनची जागा धरली जात नाही. आपल्या शिवारावर स्वतः बोट ठेवावं लागतं. गावातल्या दुसऱ्या कोणीतरी खात्री दिल्याशिवाय ठिपका पक्का होत नाही. जुना ठिपका आपोआप फिका होतो. एकाचं वावर उघडं पडू नये म्हणून फक्त शिवार रंगतं. गुलाबराव पुढच्या वेळी धामणवाडीत आला तेव्हा लोकांनीच त्याच्यापुढे मोबाइल धरला.

सगळा कापूस वाचला, असं नाही. काही शिवारं गेलीच. पण आजूबाजूच्या गावांनी सापळे वेळेत लावले, आणि हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड, म्हणजे उरलासुरला कापूस, घेणाऱ्यांना शेजारीच नकाशा दाखवून ती उपटायला लावू लागले, कारण उभ्या पऱ्हाटीत अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. अब्बांनी हंगामाचा विषय पुन्हा काढला नाही. दुकानाच्या पाटीवर पंपाखाली त्यांनी नकाशाचा पत्ता रंगवून घेतला.

पुढच्या वर्षी औषधांच्या एका कंपनीचा माणूस आला. नकाशा विकत द्या, तुम्हीच चालवा, फक्त नोंदी आमच्याकडेच राहतील, असं त्याचं म्हणणं. मदिहाने त्याला चहा पाजला आणि नोंदी कुठून उतरवून घ्यायच्या ते दाखवलं.

“ह्या तर सगळ्यांना मिळतात,” तो म्हणाला.

“हो. तुम्हालाही.”

तो पुन्हा आला नाही. मदिहाने नुसत्या नोंदीच नाहीत, तर पान कसं बांधलं तेही सगळ्यांसाठी मोकळं ठेवलं. एकदा वडनेर भोलजीहून अर्पिता नावाच्या शिक्षिकेचा फोन आला. तिकडे खारपाणपट्टा. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठलं खारं, हे तिला गावकऱ्यांकडून नकाशावर आणायचं होतं.

“तुमचं पान घेतलं तर चालेल का? परवानगी कोणाची लागते?”

“कोणाचीच नाही. पण एक सांगू? पहिल्यांदा लोक चिडतील. काम थांबवू नका. मी येऊ का?”

रविवारी ती पहिल्या एसटीने निघाली. वडनेरात अर्पितासोबत ती विहिरीविहिरीने फिरली, प्रत्येक विहिरीचं पाणी चाखलं, आणि संध्याकाळी परत निघाली तेव्हा तिच्या जिभेवर मीठ होतं आणि पांढऱ्या नकाशावर त्या गावाची पहिली निळी टिंबं.