कैंची म्हटलं म्हणून

“मावशी, इथं शिवणकाम चाललेलं नाही. रेसिंगची गाडी आहे ही.”

सर असं बोलले. कॉलेजच्या हॉलमध्ये, चाळीस पोरांसमोर. सगळे हसले. पहिल्या रांगेत माझी नात बसली होती. तीही हसली.

मी काय बोलले होते ते आधी सांगते. कॉलेजा-कॉलेजांची स्पर्धा असते, पोरांनी स्वतः रेसिंगची गाडी बनवायची. नात त्या टीममध्ये. तीच हट्टानं घेऊन गेली मला, आजी तू एकदा नक्शा बघच म्हणून. पडद्यावर नक्शा आला आणि मला राहवलं नाही. उभी राहून म्हटलं, कैंच्या ठीक आहेत, पण टायरॉडचा त्यांच्याशी मेळ नाही. गड्ढा आला की चाक आपोआप वळेल.

कैंची म्हणजे चाकाला चॅसीशी धरून ठेवणारा दोन पायांचा लोखंडी हात. वर एक, खाली एक. टायरॉड म्हणजे स्टेअरिंगकडून येऊन चाक वळवणारी दांडी. इथून इंदूरपर्यंत कुठल्याही मिस्त्रीला विचारा, कैंचीच म्हणेल. सरांनाही माहीत असणार हो, इतकी वर्षं हेच शिकवतात. पण समोर बाई उभी. लुगड्यातली, म्हातारी. मग कैंची कापड कापायचीच.

मी खाली बसले. गप्प बसले. त्याचाच राग जास्त आहे.

देवास गेटला आमचं गाडीदुरुस्तीचं दुकान. आमचे मालक, नातीचे आजोबा, गेले तेव्हा सगळे म्हणाले, बंद करा. मी नाही केलं. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं गाड्यांखाली पडून शिकले. यात्रेकरूंच्या जीपा यायच्या, राम घाटाला निघालेल्या, वाटेत कैंची वाकलेल्या. नवी बसवून दिली तरी एक जीप परत आली. गड्ढ्यात हिसका मारते म्हणे. आठ दिवस डोकं फिरलं माझं. शेवटी एक फळी घेतली, पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, खिळ्यांवर टांगल्या. चाक वर उचललं, खाली सोडलं. तेव्हा दिसलं. प्रत्येक दांडी आपापल्या गोलात फिरते. आखूड दांडी लहान गोल, लांब दांडी मोठा. टायरॉडचा गोल कैंच्यांशी जुळला नाही की तो चाकाला ओढतो. मग प्रत्येक दांडीच्या रेषेत पुढे दोरे लावले. वरच्या कैंचीचा, खालच्या कैंचीचा, टायरॉडचा. तिन्ही दोरे ओढत नेले की एका जागी भेटले पाहिजेत. नाही भेटले तर चाक मनमानी करणार. एवढंच. पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काढलं.

आता सर. त्यांचं घर माधव नगरात, जुनं मराठी घराणं. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा दरबाराचे कारकून होऊन इकडे आले. आमचेही त्याच काफिल्यात आले, घोड्यांना नाल मारायला. त्यांची नावं कागदांवर आहेत. कागद तेच लिहीत होते ना. आमच्यांची नाहीत.

सरांच्या आजोबांची मोटार माझे वडील दुरुस्त करायचे. वडील गाडीत बसायच्या आधी सीटवर वर्तमानपत्र अंथरलं जायचं. मी लहान, मला वाटायचं ग्रीस लागू नये म्हणून. मग एका दिवाळीला गाडी फक्त बाहेर काढून द्यायची होती. वडील आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गेले. मी बरोबर होते. तरी कागद अंथरला. वडील त्यावर बसले, गाडी काढली, उतरले. नोकरानं कागद चिमटीत धरून नेला. वडील माझ्याकडे बघेनात.

असो. नाही, असो कशाला?

हॉलमधल्या त्या दिवसानंतर गाडी सरांच्या नक्शाप्रमाणे बनली. कॉलेजच्या मैदानात गड्ढ्यांऐवजी फळ्या टाकून चालवून बघितली. चालवत कोण होती, माझी नात. तिसऱ्या फळीवर चाक आपोआप वळलं, स्टेअरिंग हातातून सुटलं, गाडी कुंपणात. पोरगी सुजलेलं मनगट घेऊन दुकानात आली.

मी हळद लावली. मग विचारलं, त्या दिवशी का हसलीस?

म्हणाली, “सगळे हसले म्हणून.”

तिचा राग नाही आला. हॉलचा आला. आपल्याच पोरीला आपल्यावर हसायला लावतात, आणि तिला कळतही नाही.

मग आम्ही दोघी बसलो. फळी काढली, पट्ट्या कापल्या. दोरे भेटेनात. टायरॉडचं आतलं टोक दोन बोटं खाली आणलं, जरासं आत ढकललं, तेव्हा भेटले. तिनं एकेक खिळा मोजून घेतला, टीमच्या कॉम्प्युटरमध्ये भरला. मी जोडकामासाठी सांचाही बनवून ठेवला.

चौथ्या दिवशी सर स्वतः आले नवीन नक्शा घेऊन. उंबऱ्याच्या बाहेरच उभे. म्हणाले, मावशी, चार दिवसांत जोडून द्या. मी कागद बघितला. माझीच मापं. कोपऱ्यात चौकट. पार्टच्या खोक्यांवरून शिकलेलं इंग्रजी मला तेवढं पुरतं. डिझाइन, पुढे त्यांचं नाव. जोडकाम, पुढे स्थानिक कारागीर.

मी डिझाइनवर बोट ठेवलं. “इथं माझं नाव पाहिजे.”

ते हसले. अहो मावशी, म्हणाले, तिथं डिग्रीवाल्याचं नाव लागतं. परीक्षकांना काय सांगू, देवास गेटच्या बाईनं पुठ्ठ्यावर काढलं?

“हेच सांगा.”

तेव्हा ते नातीकडे वळले. “समजाव हिला. टीममध्ये राहायचंय ना तुला?”

‘अहो मावशी’वरून एका क्षणात ‘हिला’. मला तो कागद दिसला, चिमटीत धरलेला.

मी म्हटलं, सर, टायरॉडचं टोक खाली का आणलं, एवढं सांगा. सांगितलंत तर तुमचं नाव राहू द्या. आत्ता जोडते.

त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, सॉफ्टवेअरनं काढलंय ते.

नात बोलली. आवाज लहान होता, पण बोलली. “सर, सॉफ्टवेअरमध्ये मी भरलं. आजीच्या फळीवरून मोजून.”

सरांनी कागद ओढून घेतला आणि निघाले. दुसऱ्या दिवशी तिला टीममधून काढलं. जोडकाम त्यांनी दुसरीकडून करून घेतलं, माझ्याच मापांनी. गाडी सरळ धावते, ऐकलं मी. धावणारच. चौकटीत नाव त्यांचं.

लोक म्हणतात, पोरीचं नुकसान करून काय मिळालं? मी रोज ऐकते. पोरगी मान खाली घालून कॉलेजला जाते, तेही बघते. पण जोडून दिलं असतं तर तिनं जन्मभर असंच हसायचं होतं, सगळे हसले म्हणून.

पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. आम्ही दोघी फळी घेऊन जाणार. आत सोडलं तर परीक्षकांसमोर मांडू, नाही सोडलं तर फाटकाबाहेर जमिनीवर. सरांना विचारलेलाच प्रश्न समोर येईल त्याला विचारणार.

आमच्या दुकानाच्या पाटीवर आडनाव नाही. मालक म्हणायचे, आडनाव वाचलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. काल मी पेंटर बोलावला. पाटीवर माझं नाव लिहवून घेतलं, खाली आडनाव, त्याच मापाच्या अक्षरांत. फळीवरही तेच लिहिलंय. ज्याला वाचून पुढच्या दुकानात जायचंय, त्यानं जावं.